आण्णांच्या फुफ्फुसात ॲस्बेस्टॉस: वीस वर्षांनी भरपाई मागता येते का?

कृष्णाकाठ | ९ जून २०२३, रात्री १०:४२

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वडील (आम्ही आण्णा म्हणतो) ६८ वर्षांचे. आधी परळच्या एका गिरणीत होते. ८२ च्या संपात ती नोकरी गेली. दोन वर्षं मिळेल ते केलं आणि मार्च १९८४ ला ठाण्याकडच्या एका कारखान्यात लागले. तिथे भट्टीच्या दरवाजांना लागणारी दोरी, बॉयलरवर गुंडाळायचं कापड, गॅस्केटची शीट असा माल निघायचा. २००३ ला व्हीआरएस घेऊन गावी, कराडजवळ आलो. नंतर कारखाना बंद झाला. आता तिथे टॉवर आहेत.

पाच-सहा वर्षं दम लागतोय. दोनदा टीबीची औषधं झाली. थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह, तरी औषधं पूर्ण दिली. गेल्या महिन्यात कराडच्या एका छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, नोकरी कुठे होती? कुठल्या खात्यात?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनाच पहिल्यांदा सुचला. एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढला. दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात फायब्रोसिस (वण), आवरणावर कॅल्शियमचे चट्टे. कागदावर लिहिलंय: ॲस्बेस्टॉसिस, व्यवसायजन्य.

विचारायचं एवढंच, की वीस वर्षांनी कंपनीकडे भरपाई मागता येते का? कुठे मागायची? आण्णांचा याला विरोध आहे, तो भाग वेगळा. "ज्यांनी संपानंतर चूल पेटवली त्यांच्यावर केस करू?" म्हणतात.

---

आडवाट | ९ जून, ११:१५

ताई, काळजी घ्या आण्णांची. गूगल करून पाहिलं तर नुसत्या अमेरिकन वकिलांच्या जाहिराती. 'तुम्हाला मेसोथेलिओमा आहे का? लाखो डॉलर मिळतील.' त्यातलं आपल्याला काही लागू होतं का?

---

श्वासमात्र | १० जून, सकाळी ७:०५

छातीचा डॉक्टर आहे, सरकारी नोकरीत. आधी घोळ मिटवतो.

ॲस्बेस्टॉसिस म्हणजे कॅन्सर नव्हे. ॲस्बेस्टॉस या खनिजाचे सुईसारखे बारीक तंतू श्वासावाटे खोल जाऊन बसतात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत, आणि त्यांच्याभोवती वण धरत जातो. फुफ्फुस कडक होतं. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, तो निराळा. धूळ अंगावर घेतल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ४० वर्षं जातात. आण्णा १९८४ ला लागले आणि २०१७-१८ ला दम लागायला लागला, हे हिशोबात बसतं.

टीबीची औषधं दोनदा झाली याचं वाईट वाटतं, नवल नाही. आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की हात आधी टीबीकडेच जातो. पेशंटला नोकरी विचारायची सवय आम्हा डॉक्टरांना लागलेलीच नाही. कराडच्या त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आता एक काम त्यांच्याकडूनच करून घ्या. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस आहे. कलम ८९ प्रमाणे असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं असतं. आपल्याकडे ते कार्यालय म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, लोक 'डिश' म्हणतात. कायद्यात शब्द आहेत 'नोकरीत असलेला किंवा पूर्वी असलेला', म्हणजे निवृत्त माणूसही आला. न कळवल्यास दंड आहे आणि निदान बरोबर ठरलं तर डॉक्टरला फीसुद्धा मिळते. आमच्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. मलाही नोकरीच्या दहाव्या वर्षी कळलं.

---

फटकळ | १० जून, ९:३०

कटू बोलतो. २० वर्षं पगार घेतला, बोनस घेतला, व्हीआरएसचे पैसे घेतले, आता आजारी पडल्यावर कंपनी वाईट? आणि बिडी ओढायचे का आण्णा? आधी गिरणीत होते म्हणता, मग तिथला कापूस छातीत गेला नसेल कशावरून?

---

दुसरी_पाळी | १० जून, १०:१०

फटकळ, पगार कामाचा घेतला. फुफ्फुसाचा वेगळा भाव कुणी ठरवला नव्हता.

मी पण अशाच एका कारखान्यात होतो, ब्रेक लायनिंगचा. ताईंचे वडील होते तो नव्हे, दुसरा. गोणी फोडून माल हौदात ओतायचा. पांढरा, मऊ. आम्ही त्याला कापूसच म्हणायचो. हिवाळ्यात खिडकीतून ऊन आलं की त्यात तो तरंगताना दिसायचा, आणि नवीन पोरं त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. पाळी सुटताना केळं आणि गुळाचा खडा मिळायचा, धूळ उतरते म्हणून. मास्क यायचे ते इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी. वर्षाला एक्स-रे काढायचे, पण रिपोर्ट कधी हातात दिला नाही. विचारलं की साहेब म्हणायचा, "काही असतं तर कळवलं असतं."

---

श्वासमात्र | १० जून, १०:५५

फटकळ यांचे दोन्ही प्रश्न कंपनीचा वकील विचारणारच आहे, तेव्हा उत्तर घरी तयार असलेलं बरं. बिडीमुळे ॲस्बेस्टॉसिस होत नाही. (बिडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी पट वाढतो, म्हणून ओढत असतील तर आजच सोडायला सांगा.) कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो, त्यात आवरणावर कॅल्शियमचे चट्टे येत नाहीत. दोन्ही बाजूंचे असे चट्टे ही ॲस्बेस्टॉसची सही समजली जाते. गिरणीवर ढकलता येणार नाही.

---

कृष्णाकाठ | १० जून, दुपारी १:२०

आण्णा तंबाखू खायचे, ओढली कधीच नाही.

दुसरी_पाळी काका, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. केळं आणि गूळ ऐकून हसले. मग बराच वेळ गप्प बसले.

---

काळा_कोट | १० जून, रात्री ९:४८

कामगार न्यायालयात वकिली करतो. ताई, जरा मोठं लिहितो, कंटाळू नका.

पहिला रस्ता कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ चा. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिस आहे, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही आहे. अनुसूचीतला आजार त्या कामात झाला की कायदा त्याला 'अपघात' धरतो. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. दावा ठाण्यालाच लावायला हवा असंही नाही, कामगार जिथे राहतो तिथल्या भरपाई आयुक्तांकडे लावता येतो. तुमच्या बाबतीत सातारा जिल्हा.

रकमेचं गणित असं. कायमच्या पूर्ण असमर्थतेला मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. ६५ किंवा जास्त वयाला गुणक ९९.३७. पगार कितीही असला तरी हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, जानेवारी २०२० पासून. म्हणजे ९,००० गुणिले ९९.३७, झाले ८,९४,३३०. हा कमाल आकडा. डॉक्टरने कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं लिहिलं तर त्याचे २,६८,२९९. आणि समोरचा म्हणणार की पगार २००३ चा धरा, मर्यादाही तेव्हाची धरा, जी ४,००० होती. तारखेवर सगळा खेळ आहे.

आता अडचण. कलम १० म्हणतं की नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर लक्षण दिसलेला दिवस अपघाताचा दिवस. दोन वर्षं! वर डॉक्टरसाहेब सांगतात आजार दिसायला वीस ते चाळीस लागतात. १९२३ च्या कायद्याला यंत्रात तुटलेला हात समजतो, ही धूळ समजत नाही. त्याच कलमात पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि आपण लढतो ते त्याच एका वाक्यावर. निदान गेल्या महिन्यात झालं, आधी दोनदा टीबी ठरवला गेला, कंपनीने एक्स-रेचा निकाल कधी दिला नाही, ही माझ्या मते पुरेशी कारणं आहेत. हमी देत नाही.

दुसरं, ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. आण्णांचं कार्ड होतं का? विमाधारक असतील तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे १९२३ च्या कायद्याचा दावा अडतो, मग ईएसआयच्या वैद्यकीय मंडळासमोर जायचं, तिथे कायम अपंगत्वाचा मासिक लाभ मिळतो. कोणत्या वर्षापर्यंत वर्गणी कापली ते आधी शोधा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. २७ जानेवारी १९९५, सर्वोच्च न्यायालय. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेली याचिका. कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने ज्याला ॲस्बेस्टॉसिस प्रमाणित केला त्याला कारखान्याने तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यायचे असा आदेश झाला. २०११ मध्ये कल्याणेश्वरी प्रकरणात न्यायालयाने ॲस्बेस्टॉसवर बंदी घालायला नकार दिला, पण १९९५ चे निर्देश पाळलेच पाहिजेत असं पुन्हा बजावलं.

आणि त्याच निकालातली एक ओळ तुमच्यासाठी घड्याळासारखी आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कारखान्याने नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सोडल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. आण्णा मार्च ८४ ला लागले. अधिक ४०, मार्च २०२४. नऊ महिने उरलेत. उद्या रविवार, सोमवारी रजिस्टर पोस्टाने पत्र टाका: वार्षिक तपासणीच्या नोंदी, सगळे एक्स-रे, खात्यांच्या बदल्या, हवेतल्या तंतूंची मोजणी. पोचपावती जपून ठेवा. कारखाना पाडला तरी कंपनी मेलेली नसते, नाव बदललं असेल. कंपनी रजिस्ट्रारकडे नोंद सापडेल.

---

आडवाट | १० जून, १०:२०

एक लाख? १९९५ चे एक लाख, आणि २०२३ लाही एक लाखच?

काळा_कोट | १० जून, १०:२६

हो.

---

लीड्सकर | ११ जून, पहाटे ३:४०

मूळचा मुलुंडचा, पंचवीस वर्षं इंग्लंडात. आमच्या लीड्समध्ये आर्मली नावाचा भाग आहे. तिथे टर्नर अँड न्यूअल समूहातला जे. डब्ल्यू. रॉबर्ट्सचा ॲस्बेस्टॉस कारखाना होता, पन्नासच्या दशकाच्या शेवटी बंद झाला. आजूबाजूची मुलं रस्त्यावर साठलेल्या धुळीत खेळायची. त्यातल्या जून हँकॉक या बाईंना पुढे मेसोथेलिओमा झाला. कारखान्यात एक दिवस काम न करता. त्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९९५ मध्ये जिंकल्या. तुमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचंच साल.

त्याच समूहाच्या रॉचडेलच्या कारखान्यातली नेली केरशॉ नावाची कामगार बाई १९२४ मध्ये वारली, ३३ व्या वर्षी. ॲस्बेस्टॉसमुळे मृत्यू झाल्याची वैद्यकीय साहित्यातली ही पहिल्या नोंदींपैकी एक. कंपनीने अंत्यविधीचाही खर्च दिला नाही, पायंडा पडेल म्हणून. म्हणजे धुळीने माणूस मरतो हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तोंडावर सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये धुळीचे नियम १९३१ ला आले. आणि याच समूहाचा घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता, हे मुंबईकरांना आठवत असेल.

इथे सगळं सोपं आहे असं समजू नका. पण एक फरक मोठा आहे. कामगारांसाठी मालकाने विमा घेणं इथे १९७२ पासून सक्तीचं आहे. कंपनी बुडाली तरी तिचा जुना विमेदार शोधून त्याच्यावर दावा लावतात. मेसोथेलिओमाच्या रुग्णाचा मालक आणि विमेदार दोन्ही सापडले नाहीत तर २०१४ च्या कायद्याने आजच्या विमा कंपन्यांकडून वर्गणी काढून पैसे देतात.

आडवाट, अमेरिकन जाहिरातींचं मूळ असं: जॉन्स-मॅनव्हिल ही तिथली बडी कंपनी दाव्यांच्या ओझ्याखाली १९८२ ला दिवाळखोरीत गेली आणि त्यातून भरपाईचा ट्रस्ट निघाला. पुढे असे बरेच ट्रस्ट झाले. ठाण्यात काम केलेल्याचा त्यांच्याशी संबंध यायचा तर माल किंवा कंपनीचा धागा तिथपर्यंत पोचला पाहिजे. जाहिरातीखाली फोन नंबर देऊ नका.

---

कृष्णाकाठ | ११ जून, सकाळी ११:००

लीड्सकर, तुमची पोस्ट वाचून एक विचारते. आण्णा कामाचे कपडे घरी आणायचे. आई गॅलरीत झटकायची, मग भिजवायची. १९ वर्षं. चाळीची गॅलरी, आम्ही दोघी बहिणी तिथेच अभ्यासाला बसायचो. आईला आता कोरडा खोकला आहे. तिचा दावा होतो का?

काळा_कोट | ११ जून, ११:३५

१९२३ च्या कायद्यात नाही. ती कर्मचारी नाही. दिवाणी दावा तत्त्वतः होऊ शकतो, पण तिथे निष्काळजीपणा आणि कारण दोन्ही आपण सिद्ध करायचं. आधी आईचा एक्स-रे काढा, दाव्याचं नंतर बघू.

श्वासमात्र | ११ जून, ११:४१

तुम्ही दोघी बहिणीसुद्धा. घाबरू नका, पण एकदा काढाच, आणि डॉक्टरला कपड्यांचं सांगा.

---

दुसरी_पाळी | ११ जून, दुपारी ४:१५

कागदाचं मी सांगतो, कारण आमची तिथेच जिरली. माझा जोडीदार वारला २०१४ ला. ऑक्सिजनवर होता शेवटी. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलं, तर हृदय व श्वसन बंद पडल्याने. अरे, ते तर प्रत्येकाचंच बंद पडतं! वहिनींनी दावा लावला, समोरचा वकील तो एकच कागद घेऊन उभा राहिला. ताई, बोलायला वाईट वाटतं, पण वेळ आलीच तर दाखल्यावर ॲस्बेस्टॉसिस हा शब्द आलाच पाहिजे, हे डॉक्टरला आजच सांगून ठेवा.

बाकी घरात शोधा: बिल्ला, गेटपास, पगारपावती (खात्याचा नंबर असतो), पीएफची चिठ्ठी, युनियनची पावती, दिवाळीच्या पूजेचा फोटो. आमच्या एका माणसाचं खातं फोटोतल्या मशीनवरून सिद्ध झालं.

फटकळ | ११ जून, ७:५०

माझं पहिलं बोलणं जरा जास्तच झालं. घाटकोपरच्या एका कारखान्यातल्या कामगारांवर डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केलेला अभ्यास वाचला, २००५ चा. तपासलेल्यांपैकी २३ टक्के लोकांना ॲस्बेस्टॉसिस. चारातला जवळजवळ एक. असं काही माहीत नव्हतं.

---

कृष्णाकाठ | २ सप्टेंबर २०२३

धागा वर काढते. कंपनीचं नाव बदललंय, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत सापडलं. १२ जूनला पत्र टाकलं. दीड महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर: जुन्या आस्थापनेचे अभिलेख उपलब्ध नाहीत.

काळा_कोट | २ सप्टेंबर

उत्तम उत्तर आहे, लॅमिनेट करून ठेवा. नोंदी जपायची मुदत संपायच्या आधी त्यांनी स्वतःच लेखी दिलंय की नोंदी नाहीत. आता डिशकडे माहिती अधिकार: त्या कारखान्याचा परवाना, मंजूर नकाशे, कच्च्या मालाची माहिती, तपासणी अहवाल. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार आहे, उत्पन्न कितीही असो. तुमच्या केसमध्ये ते लागू आहे असं तिथे ठासून सांगा.

---

कृष्णाकाठ | १९ नोव्हेंबर २०२३

आईचा एक्स-रे स्वच्छ आला, आमचे दोघींचेही. खोकला ॲसिडिटीचा निघाला.

डिशकडून ३१ पानं मिळाली. कच्च्या मालात ॲस्बेस्टॉस तंतू स्पष्ट लिहिलाय. आण्णांचं ईएसआय पगार वाढल्यावर सुटलं होतं, आधीच्या वर्षांची नोंद मागवली आहे. अहमदाबादला तपासणीसाठी अर्ज गेलाय.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. आण्णा सही करायला तयार नव्हते हे सांगितलं होतं. दिवाळीत त्यांनी स्वतःच वही मागितली. म्हणाले, साक्षीदार लागतील ना, लिही. आणि कार्डिंग (तंतू पिंजायच्या) खात्यातल्या दुसऱ्या पाळीची चौदा नावं सांगितली. कोण कुठल्या मशीनवर, कोणाचं गाव कुठलं, कोणाच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. एका दमात नाही, मध्ये मध्ये थांबून. चौदातले नऊ गेले हे त्यांना माहीत होतं.

उरलेल्या पाचांना मी फोन लावतेय. दोघं साक्ष द्यायला तयार आहेत, त्यातल्या एकाला स्वतःलाच दम लागतो, त्यांना एचआरसीटी काढायला सांगितलं. एक नंबर बंद. एक मुलाकडे सुरतेला असतात, भेटायचंय. पाचवा फोन पाटण तालुक्यात लागला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ते गेले, दीड वर्ष झालं, टीबीने. मी विचारलं, थुंकीत टीबी निघाला होता का? म्हणाल्या, नाही गं, थुंकीत कधीच नाही निघाला, पण औषधं चालू होती.

वहीतल्या त्या नावापुढे अजून काही लिहिलं नाही. आण्णा विचारतात, लागला का फोन.

काळा_कोट साहेब, त्या वहिनींसाठी मुदत कुठून मोजायची?

काळा_कोट | १९ नोव्हेंबर

मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं असं म्हणणं मांडू, म्हणजे सहा महिने हातात आहेत. उशीरमाफीचा अर्ज तरी सोबत जोडायचाच. जुने एक्स-रे घरात असतील, प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वर. फेकू नका म्हणावं. दाखल्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स पाठवा, खाजगी निरोप (व्यनि) केलाय.